पोस्टाने पाठवा

नोव्हेंबरात लेटरकेनीला साडेचारलाच अंधार पडतो.
हेडसेटचा फोम सुटलाय, डावा कान दिवसभर खाजतो.
अठ्ठाविसावा कॉल. यूनन मॅकगिन्ली, ग्लेंटीजहून.
आवाज असा, की एकेक शब्द
दारात पाय पुसून मगच आत येतो.

"नातवाचा विमा काढायचाय. शाळेची सहल, ऑस्ट्रियाला.
बर्फावरनं घसरायला."
मोठ्यांच्या पॉलिसीत मुलं फुकट असतात, सर.
"मोठं कुणी जात नाहीये."
मग एकट्या मुलाची, वेगळी. नाव? वय?
"फियाक्रा. पंधरा. तेरा फेब्रुवारीला सोळा.
बूट आत्ताच माझ्यापेक्षा मोठे लागतात त्याला."
बुटांसाठी रकाना नाही. मी पंधरा लिहिते.

हिवाळी खेळ, होय.
डोंगरावरून हेलिकॉप्टर, होय.
फोन हरवला तर पहिले शंभर युरो तुमचे.
औषधं?
"निळा इन्हेलर. धावला की,
आणि मांजर जवळ आलं की.
ऑस्ट्रियात मांजरं असतात का हो?"
असावीत, सर.
"मग तेही लिहा."

पुढचा प्रश्न मी नेहमी जरा भरभर वाचते:
प्रवासाला न जाणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला
असा काही आजार आहे का, ज्यामुळे
सहल रद्द करावी किंवा अर्धवट सोडून यावी लागेल?
पलीकडे किटली बंद झाल्याची टिचकी.
"जवळचा म्हणजे?"
आई, वडील, भाऊ, बहीण, आजी, आजोबा.
"यादी लांबलचक आहे तुमची.
आमच्या घरात शेवटच्याच शब्दाला माणूस उरलाय."

दार लोटल्याचा आवाज. मग कुजबुज.
"दोन स्टेंट. गेल्या मेमध्ये.
पोराला सांगितलंय, स्लायगोला मेंढ्यांच्या बाजाराला गेलो होतो.
चार दिवसांनी एकही मेंढी न घेता परतलो,
तरी त्यानं काही विचारलं नाही."

एक्केचाळीसचे त्रेसष्ट झाले स्क्रीनवर.
मी आकडा वाचते आणि थांबते.
सुचवायला मला परवानगी नाही,
आणि कॉल रेकॉर्ड होतोय; गप्प बसणंसुद्धा होतंच.
"लिहा," ते म्हणतात.
"लपवायचं मी, आणि तिकडं बर्फात खोळंबायचं त्यानं?
लिहा, स्टेंट दोन."

मग: "आणि झालंच काही, तर त्याला आणणार कोण?"
कलम नऊ. परतीचं तिकीट आमचं.
मूल सोळाच्या आतलं असेल तर सोबत एक प्रौढ व्यक्ती,
आमच्याच खर्चानं.
सहल तीस जानेवारीला संपते. दोन आठवडे राखून
बसतो तो कलमात.
"कोण व्यक्ती?"

सहा वर्षं हे कलम वाचतेय मी.
त्या व्यक्तीबद्दल कधी कुणी विचारलं नव्हतं.
तिला गाडीत गप्प राहता येतं का,
पोरानं खिडकीकडे तोंड फिरवलं
तर ती आपलं पुस्तक उघडते का,
विमानतळावर त्याला भूक लागली
तर चिप्स घेऊन देते का,
की फक्त पासपोर्ट धरून उभी राहते.
मी म्हणते: चांगली असेल.
हे वाक्य स्क्रिप्टमध्ये नाही. माझे मार्क जातील.

कागदपत्रं ईमेलनं पाठवू?
"मेल पोरगाच बघतो. पोस्टाने पाठवा.
पाकीट साधं असू द्या, जमलं तर."

आमच्या पाकिटांवर हसरं कुटुंब छापलेलं असतं, छत्रीखाली.
बावीस पानं. सुट्टीत खाली जाऊन
मी तपकिरी पाकीट घेऊन येते, जास्तीचं तिकीट लावते,
पत्ता हातानं लिहिते. अक्षर नीट येत नाही,
बोटांना आता फक्त बटणांची सवय.
पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं नसतं.
नाही लिहिलं.

एकोणतिसावा कॉल वाजतोय.